चुकीच्या समुद्राला वाहिलेले नारळ

निमा,

काल नारळी पौर्णिमा झाली. या वर्षी नारळ आणायला मी गेलो. नारळवाल्यानं विचारलं, "काका, देवाला का चटणीला?" मी म्हटलं, "समुद्राला." तसा तो नारळ हलवून बघता बघता थांबला. दर वर्षी ह्याच दिवशी येऊन असं उत्तर देणारं गिऱ्हाईक त्याला एकच माहीत. "काकी न्हाईत आल्या?" म्हणाला. दिलेला नारळ घेतला आणि निघालो.

घरी आलो तर आक्का दारातच. माझी थोरली बहीण, तुला माहितीच आहे, तिला कोडोलीतनं कोल्हापुरात यायला निमित्त लागत नाही आणि परत जायला मुहूर्त सापडत नाही. तू गेल्यापासून इथंच आहे. नारळ बघितला आणि म्हणाली, "वरीसभर घरात सण न्हाय. ह्यो कशाला आणलास?"

"ह्यो सण न्हवं आक्का. तिचं टपाल हाय."

"टपाल म्हनं. आधी त्या शेवग्यावरचं उतरीव. गल्लीतली लोकं काय काय बोलाय लागल्यात."

शेवग्यावर तू होतीस. रक्षा गोळा केली तेव्हा सगळे नदीकडं वळले आणि मी मडकं छातीशी धरून म्हणालो, थांबा. माझं डोकं फिरलं असंच सगळ्यांना वाटलं. रक्षा घरात आणत नाहीत, म्हणून फडक्यात बांधून परसातल्या शेवग्याला टांगली. आक्काचं म्हणणं सरळ आहे. आपल्या घरातलं प्रत्येक माणूस पंचगंगेत गेलं, आई गेली, आबा गेले, हिला वेगळं कशाला? प्राजूचं म्हणणं त्याहून सरळ. "बाबा, आई ते गमतीत बोललेली."

आणि मला तेवढंच कळत नव्हतं, की तू ते गमतीत म्हणालीस की खरंच.

गेल्या नारळी पौर्णिमेची गोष्ट. पंचगंगेच्या घाटावर आपण दोघं. तू नारळ सोडलास, हात जोडलेस, पदराला हात पुसत म्हणालीस, "मला मात्र ह्या तुमच्या नदीत सोडू नका हं. उलट्या दिशेला जाईन." मी हसलो. तूही हसलीस. तेव्हा तुझा रिपोर्ट यायचा होता. तुला आधीच काही कळलं होतं का? कळलं असेल तर ती गंमत नव्हती. पुढं दवाखान्यात एवढे दिवस शेजारी बसून होतो, दुनियेचं बोललो, सिलिंडर आला का, प्राजूनं गाडीचा विमा भरला का. हे एक विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तू जाणार आहेस हे दोघांनीही कबूल केल्यासारखं झालं असतं.

आपलं भांडण ह्याच नारळावरनं सुरू झालं होतं. लग्नानंतरची पहिली नारळी पौर्णिमा. आमच्या घरात त्या दिवशी नारळीभात खायचा आणि राखी बांधून घ्यायची, संपला सण. तू आईकडं अख्खा नारळ मागितलास, कुंकू लावून घाटावर जाऊन पंचगंगेत सोडलास आणि नाचत घरी आलीस. "गेला आमच्या राजापूरला. गौरी-गणपतीपर्यंत पोचेल." मी पाटबंधारे खात्यात नवा लागलेलो. पाणी कुठनं येतं आणि कुठं जातं हे सांगायचा मला पगार मिळायचा. बायकोपुढं शहाणपणा दाखवायची अशी संधी मी सोडतोय होय? नकाशा पसरला आणि बोट फिरवत गेलो. ही पंचगंगा, ही नरसोबावाडी, हितं कृष्णेला मिळाली, आता चालली कर्नाटकात, तिथनं आंध्रात, आणि हा बंगालचा उपसागर. "तुझा नारळ माहेराकडं पाठ करून चाललाय बघ."

तू नकाशाकडं बघत राहिलीस. मला वाटलं आता रडतेस. तर तू विचारलंस, "एवढा शेजारी समुद्र टाकून ही बया देशभर कशाला हिंडते?"

"मधी सह्याद्री हाय. पाणी चढत न्हाय."

"माणसं चढायची की. आमच्याकडची बैलं मिठाच्या गोण्या घेऊन तुमच्याकडं वर यायची. बैलाला जमतं ते पाण्याला जमत नाही?"

पुढच्या वर्षी परत नारळ घेऊन तयार. मी म्हटलं, अगं, कळलंय ना आता कुठं जातो ते? तू म्हणालीस, "समुद्र एकच असतो. कुठनं का टाकेना." मी म्हटलं, दोन हायत. अरबी वेगळा, बंगालचा वेगळा. तू म्हणालीस, नावं तुमच्या खात्यानं ठेवली असतील. मी मरेपर्यंत हे भांडण मिटणार नाही असं मला वाटायचं. तू आधी जाशील हा हिशेब मी धरलाच नव्हता.

तुझं ते राजापूरचं बंदर. तुला बघायला आलो होतो तेव्हा तुझे वडील मला चहाच्या आधी बंदर दाखवायला घेऊन गेले. काय अभिमान त्यांना. अरबांची जहाजं थेट इथपर्यंत यायची, इंग्रजांनी इथं वखार घातली, घाटावरचा गूळ, तूप, कापूस इथनं जगात जायचा, आणि खजूर, खारीक, मसाले, चिनी मातीची भांडी इथं उतरायची. मी बघतोय तर चिखल, गवत, गवतात एक गाय आणि पलीकडं एक एस.टी. घरी येऊन पाटावर बसलो, आणि मुलगी बघायला आलेला माणूस जे विचारतो त्यातलं काही न विचारता एवढंच बोललो, "पण बंदर कुठाय?"

पोह्यांची ताटली घेऊन तू आलीस आणि वर न बघता म्हणालीस, "तुम्ही उभे होतात ना, त्याच्या खाली."

तुझ्या आईनं डोळे वटारले. माझ्या आबांना ठसका लागला. माझं मात्र तिथंच ठरलं.

नंतर तूच मला सांगितलंस, की डोंगरातनं वाहून आलेला गाळ वर्षानुवर्षं खाडीत बसत गेला, जहाजं आधी गावाखाली थांबायला लागली, मग मुखाशी, मग यायचीच बंद झाली. "तुमच्या घाटावरची माती आली आणि आमचं बंदर बुजलं," असं तू मला ऐकवायचीस, जसा काय मीच फावडं घेऊन उभा होतो. मी सांगायचो, घाटमाथ्याच्या अलीकडची माती आमच्याकडं येते, पलीकडची तुमच्याकडं जाते, तुमच्या गाळाला आम्ही जबाबदार न्हाय. खात्याच्या पत्रात लिहितात तसंच बोलायचो मी घरात. तू कसं सोसलंस मला, देव जाणे.

पण खरं सांगतो निमा, बंदर म्हणजे काय हे मला तुझ्यामुळंच कळलं. मला वाटायचं पाणी, धक्का, गलबत म्हणजे बंदर. तुझं म्हणणं, ते नुसतं दार. बंदर आत पसरलेलं असतं, माल जातो तिथपर्यंत. माझे मित्र जेवायला आले होते आणि मी पांढऱ्या रश्श्यावर मोठमोठ्यानं बोलत होतो, असा रस्सा जगात कुठं मिळणार न्हाय, कोल्हापूरची शान, वगैरे. तू वाढता वाढता शांतपणे म्हणालीस, "नारळ पिकतो का हो तुमच्या कोल्हापुरात?" "खोबरं खालनं आलं, लवंग-दालचिनी जहाजातनं आली, मीठ आमच्या खाडीतलं. तुमचं त्यात मटण तेवढं." माझा दोस्त ताटावर हसत सुटला. "वैनी, ह्याला आज वाटीभर बंदर वाढा," म्हणाला. त्या दिवसापासनं गल्लीत तू 'बंदरातल्या वैनी' झालीस. मी चिडलो होतो, पण आजही कांदा-लसणीच्या चटणीत खोबरं भाजल्याचा वास आला की घाट चढणारी बैलं दिसतात. ही खोड तुझी आहे.

आणि तो तुझा देव. टाऊन हॉलच्या म्युझियममधला. ब्रह्मपुरीच्या टेकडीत, म्हणजे आपल्या घाटापासनं हाकेच्या अंतरावर, उत्खननात सापडलेला, कुठल्या कुठं रोमकडनं आलेला समुद्राचा देव. वीतभर काशाची मूर्ती, एक हात वर, त्या हातातलं हत्यार गेलेलं. शाळेच्या सहलीत बघून आम्ही पुढं पळालो होतो. तू पहिल्यांदा बघितलास आणि काचेसमोरनं हलेनास. "हा इथं काय करतोय?"

"भंगारात आला आसंल. वितळवायला."

"भंगार एवढं जपून ठेवतात? ह्याला कुणीतरी मुद्दाम आणलाय. गलबतावरचा माणूस असणार, घाट चढून समुद्रापासनं लांब निघाला, म्हणून बरोबर घेतला. आम्ही नाही का माहेरचा अन्नपूर्णेचा देव घेऊन येत."

"मग परत जाताना न्यायचा की."

"तेच तर. गेलाच नसेल तो."

तेव्हापासनं दर नारळी पौर्णिमेला आधी नदीवर नारळ, मग म्युझियममध्ये ह्याला भेट. मी म्हणायचो माल म्हणून आला, तू म्हणायचीस सोबतीला म्हणून आला. एकदा तू काचेवर बोट ठेवून मला विचारलंस, "ह्याला कुणी परत न्यायला का आलं नसेल?" रखवालदार म्हणाला, बाई, काचेला हात लावू नका. त्या गडबडीत उत्तर राहिलं. आता वाटतं, तू त्या मूर्तीचंच विचारत होतीस का? तुला परत जावंसं वाटायचं का? तू इथं हसलीस, भांडलीस, आक्काच्या पोरांची लग्नं लावलीस, कोल्हापूरची झालीस असं मी गृहीत धरलं. झालीही असशील. तो देवही दोन हजार वर्षं कोल्हापूरचाच आहे की.

मोठा पूर आला ते आठवतं? पंचगंगा आपल्या गल्लीत शिरली, तळमजला गेला, आणि वरच्या खिडकीला नाव लागली. आयुष्यभर त्या नदीचं पाणी मोजलेला मी, गादीवर बसून घाम पुसत होतो. समोरचे तालमीत घुमलेले पैलवान नावेत पाय टाकताना थरथरत होते. तू साडी खोचलीस, नाववाल्याला म्हणालीस, "जरा भिंतीलगत घे रे," आणि खिडकीतनं अशी अलगद उतरलीस की नाव हललीसुद्धा नाही. मग वर बघून मला म्हणालीस, "या. बंदर दाराशी आलंय, आता विचारा कुठाय म्हणून." घर बुडालेलं, आणि मी नावेत बसून हसत होतो. तुझा फार आधार होता मला. हे कधी बोललो नाही, आपल्यात बोलायची पद्धत नव्हती, म्हणून इथं लिहितो.

आणि कन्याकुमारी. मी निवृत्त झाल्यावरची सहल. मी मुद्दामच ती ठरवली होती, एकदाचं भांडण मिटवायला. तिथं उभं करून सांगितलं, हा उजवीकडचा तुझा, हा डावीकडचा माझ्या नदीचा. तू डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलंस. "रेघ दाखवा," म्हणालीस. "तुमच्या खात्यानं दोन केलेत ना, मग हद्द दाखवा." मी पाण्याच्या रंगाचं काहीतरी बोलायला गेलो. शेजारचा शेंगदाणेवालासुद्धा आपल्या दोघांकडं बघत होता. रेघ काही दाखवता आली नाही. तरी खोलीवर येऊन मी नकाशा काढलाच.

तर काल. मी शेवग्यावरनं मडकं उतरवलं आणि प्राजूला म्हटलं, गाडी काढ, अणुस्कुऱ्याच्या घाटात जायचंय. आक्का मागं जाऊन बसली. मला वाटलं वाटेत शिव्या देणार. बाजारभोगाव गेलं तरी गप्प. कासारी नदीच्या काठाकाठानं रस्ता चढत होता, आणि मी सवयीनं सांगत होतो, हे पाणी पंचगंगेला, हे पण पंचगंगेला. माझं गणित साधं होतं. घाटमाथ्याच्या पलीकडं पडलेला थेंब अर्जुनेला जातो, अर्जुना तुझ्या राजापूरला. तिथं तुला सोडायचं. गंमत असेल तर गंमत म्हणून, खरं असेल तर खरं म्हणून.

माथ्यावर पोचलो तर धुकं. हात पुढं केला तर दिसेना. खालची दरी नाही, मागचा डोंगर नाही, नुसतं पायाखालनं सगळीकडनं पाणी चाललेलं. रस्त्यावरनं, गवतातनं, तुमच्या बैलांच्या त्या जुन्या फरसबंदी वाटेवरनं. आणि निमा, मला कळेना ते कुठं चाललंय. एवढी वर्षं खात्यात काढली, लोकांना धरणाच्या भिंतीवर उभं करून पाणी समजावलं, आणि बायकोचं मडकं हातात धरून मला पूर्व-पश्चिम उमगेना. सपाट जागा, चार पावलांवर पाणी हिकडं वळतंय, चार पावलांवर तिकडं. चुकीच्या ओघळात सोडलं असतं तर तू फिरून कोल्हापुरातच आली असतीस. प्राजू फोनवर नकाशा बघत होती, फोनला रेंज नव्हती.

मग मी नारळाची शेंडी उपसली. एक एक धागा ओघळात टाकायचा आणि त्याच्या मागं चालत जायचं. पहिला आमच्या गाडीकडं परतला. दुसरा खड्ड्यात गोल फिरत बसला. छत्री प्राजूकडं, ती माझ्या मागं, आणि मी सत्तरीचा माणूस वाकून काथ्याचा पाठलाग करतोय. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. फरसबंदीच्या एका दगडाशी टाकलेला धागा मात्र जरा थांबला, आणि मग असा सुटला की मला पळता येईना. काठावरनं खाली गेला. त्याच क्षणी खालनं वारं आलं आणि धुक्यात एक भोक पडलं. खोल खाली हिरव्यात पाण्याची रेघ दिसली. अर्जुना.

मी मडक्याची गाठ सोडली आणि हात चालेना. आता सोडली की गेली. शेवग्यावर होतीस तोवर सकाळी चहा घेऊन परसात उभं तरी राहता येत होतं. मागनं आक्काचा आवाज आला. गुडघ्याचं दुखणं घेऊन चिखलातनं ती तिथवर आली होती.

"सोड की आता," म्हणाली. "पोरगी म्हायेराला चाललीया. आडवू नगंस."

तिनं स्वतःच माझ्या हाताखाली हात धरला, आणि आम्ही दोघांनी तुला सोडलं. तू क्षणभर दगडाशी पांढरी दिसलीस, आणि मग नाहीच.

कोल्हापुरात शिरल्यावर मी प्राजूला म्हटलं, नदीवर घे. शेंडी उपसलेला तो बोडका नारळ हातातच होता. घाटाच्या पायऱ्या निम्म्या पाण्यात होत्या. कुंकू लावायचं राहिलं होतं, ते आक्कानं तिच्याजवळच्या पुडीतनं लावलं, सण न्हाय म्हणणाऱ्या आक्कानं. दर वर्षीसारखा नारळ चुकीच्या समुद्राकडं सोडला. तो डुलत डुलत पुलाखालनं गेला, त्याच्या त्या उलट्या दिशेला.

प्राजू त्याच्याकडं बघत होती. मग म्हणाली, "बाबा, आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुम्हाला पण तिकडंच न्यायचं का? आईकडं?"

मी म्हटलं, "छ्या. मी कोल्हापूरचा माणूस. मला हितंच सोडा, पंचगंगेत." बोलून गेलो, आणि मग मला कळलं मी काय बोललो ते. तू पश्चिमेला गेलीस. मी पूर्वेला जाणार. मधी अख्खा देश. माझ्याच नकाशावर, माझ्याच बोटानं दाखवलेला.

म्हणून हे लिहायला बसलो. निमा, ते भांडण मी हरलो. समुद्र दोन नाहीत. तू म्हणायचीस तेच बरोबर, एकच आहे, असायलाच पाहिजे, नाहीतर माझं कसं व्हायचं? रेघ नव्हतीच तिथं, मीही बघितलं होतं. तेव्हा कन्याकुमारीपाशी जरा थांब. मला यायला उशीर होईल. वाटेत धरणं लई आहेत, आणि ती आमच्यासारख्यांनीच बांधल्यात.